माणिकरावांचा मानाचा बैल

पेडगावात पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल जायचा तो माणिकराव पाटलांचाच. "आमचा राजा मी धुळीतबी ओळखतो," असं ते चावडीवर ऐटीत सांगत. खरं तर दोन वर्षांपासून त्यांना सगळं धुक्यातल्यासारखं दिसत होतं. परवाच त्यांनी निजामाचा अंमलदार समजून गावच्या कोतवालाला सलाम ठोकला होता. पण आंधळ्याच्या हाती मानाचा कासरा कोण देणार? म्हणून बायकोलाही पत्ता नव्हता. तूप-गुळानं नजर साफ होते असं कुणीतरी सांगितलेलं, तेव्हा पाटील सकाळ-संध्याकाळ वाटीभर गूळ-तूप हाणत. नजर मंदावली की वाटी मोठी होई.

पोळ्याच्या दिवशी वेशीत झुली घातलेले, बाशिंगं बांधलेले बैल दाटले. पाटलांनी गर्दीत शिरून ऐटीत एक कासरा धरला आणि ढोलांच्या गजरात बैल तोरणाखालून काढला. ढोल एकदम थांबले. आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचा, धुरपताबाईंचा, चेहरा पांढरा पडला.

"अवो, ह्यो आपला राजा न्हाई. ह्यो दिनकररावांचा, दुसऱ्या मानाचा बैल हाय."

पाटलांनी शिंगं चाचपली. राजाची शिंगं वर वळलेली, याची खाली. पंचांनी तिथंच ठरवलं, पुढच्या पोळ्याला पाटलांनी आपला बैल स्वतः ओळखून आणला तरच मान त्यांचा, नाही तर दिनकररावांचा.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी नवऱ्याला गाडीत घालून परभणीला हकीमसाहेबांकडं नेलं. हकीमसाहेबांनी डोळे पाहिले आणि विचारलं, "पाटील, लघवीला मुंग्या लागतात का?"

पाटील चाट पडले. डोळे दाखवायला आलेल्या माणसाला हे काय विचारणं!

"लागत्यात की," धुरपताबाई म्हणाल्या. "मोरीपाशी रांगच असती."

"मग मर्ज डोळ्यात न्हाई, खुनात हाय, रगतात. खुनातली साखर डोळ्याची रोशनी खाते. मोतीबिंदूबी लवकर धरतो. गोड काय खाता?"

पाटलांनी मान खाली घातली. वाटीचा हिशेब धुरपताबाईंनी दिला आणि हकीमसाहेबांचे हात दाढीवरच राहिले. "पाटील, तुमी डोळ्याला दवा न्हाई, जहर देत होता. आजपासून गूळ बंद, न्हाई तर सगळा अंधार."

मानापायी पाटलांनी वर्षभर जोंधळ्याची भाकर, कारल्याची भाजी आणि कडू काढा गिळला. गुळाची ढेप धुरपताबाईंनी माहेरी धाडली. डोळे पुरते सुधारले नाहीत, पण धुकं बरंच विरळ झालं.

पुढच्या पोळ्याला पाटील गर्दीत शिरले, शिंगं न चाचपता थेट राजाजवळ गेले आणि त्याला तोरणाखालून पहिला काढला. दिनकररावांनी सुद्धा पागोटं उडवलं. घरी आल्यावर रिवाजाप्रमाणे पाटलांनी आपल्या हातानं राजाला पुरणपोळ्या भरवल्या. बैल डोळे मिटून खात होता आणि पाटील एकटक बघत होते.

"आता कसं दिसायलंय?" धुरपताबाईंनी कौतुकानं विचारलं.

पाटलांनी आवंढा गिळला.

"लय साफ. त्याच्या जिभेवरचं तूपबी दिसायलंय."