उजेड फार चांगला दिसला

एक्याण्णव सालच्या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी साडेअकराला, धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात उत्तर ध्रुव आला. टपालानं आला. वर जावक क्रमांक होता, खाली गोल शिक्का होता, म्हणजे खराच होता.

झालं होतं असं की दिल्लीनं कुठल्याशा थंड देशाशी करार केला आणि करारातून योजना निघाली : 'ध्रुवीय प्रकाश दर्शन व ध्रुवीय परिसर परिचय मार्गदर्शित रात्रफेरी'. तिकडे म्हणे रात्री आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलतात. लोक गाडी करून ते बघायला जातात, आणि पडदे हलेपर्यंत गाईड त्यांना बर्फ, अस्वलं, कोल्हे, शेवाळ यांची माहिती सांगतो. तेच आता इकडे करायचं. कुठे? पत्रात स्पष्ट होतं, की सदर प्रकाश उत्तरेला दिसत असल्याने प्रत्येक राज्याने आपला सर्वांत उत्तरेचा जिल्हा निवडावा. मुंबईत कुणीतरी नकाशा पसरला, वर पट्टी ठेवली. पट्टीला पहिलं लागलं ते धुळे.

पत्र हातोहात खाली सरकत शेवटी पंडित सोनवणेच्या टेबलावर आलं, कारण त्याच्या खाली कुणी नव्हतं. पंडित बी.एस्सी. झालेला, वनस्पतिशास्त्रात, आणि तीन वर्षं हंगामी. एकोणनव्वद दिवस काम, मग एक दिवसाचा खंड, मग परत एकोणनव्वद दिवस. खंडाच्या दिवशीही तो यायचाच, फक्त खुर्चीवर न बसता उभ्यानं काम करायचा. पारोळ्याच्या झुलाल आबांची प्रमिला त्याला पसंत होती. प्रमिलालाही तो पसंत होता. आबांना मात्र ऑर्डर पसंत होती. त्यांनी सरळ सांगून टाकलेलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, कायमची ऑर्डर दाखव, नाहीतर पोरगी दुसरीकडे दिली समज.

पंडितनं पत्र दोनदा वाचलं आणि धीर करून देवरे साहेबांच्या केबिनमध्ये गेला. म्हणाला, साहेब, हा उजेड आपल्याकडे दिसत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "सोबतचा फॉर्म बघितला का?"

बघितला होता. लाभार्थ्यानं भरायचा फॉर्म होता आणि त्यात दोनच रकाने होते. 'चांगला दिसला' आणि 'फार चांगला दिसला'.

"दिसला नाही असा रकाना आहे?"

"नाही साहेब."

"मग दिसत नाही असं तू कुठे लिहिणार?" साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "पंडित, ही योजना तडीस ने. तुझी फाईल मी स्वतः मुंबईला घेऊन जातो."

आता सांगा, माणूस काय करेल? पंडितनं जागा शोधली. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला निमपाडा म्हणून वस्ती, तिथल्या सिंगाचं शेत. समोर एक टेकडी, टेकडीच्या पाठीमागे डोंगर, आणि सगळं कसं शिस्तीत उत्तरेला.

पहिली फेरी जानेवारीत निघाली. एसटीची गाडी, चाळीस लाभार्थी, त्यात गुरुजी, ग्रामसेवक, कार्यालयातल्या मंडळींचे मेहुणे. लोकरी कपडे सक्तीचे होते, म्हणून सगळे माकडटोप्या घालून शेतात सतरंजीवर बसले. पंडितनं पांढऱ्या अस्वलाचा तक्ता लावला. धुळ्याच्या कारखान्यातून भुशात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी सगळ्यांना हात लावून बघायला दिली. रेनडिअर नावाचं जनावर बर्फात गाडी ओढतं, हे दाखवायला सिंगाचा ढवळा बैल उभा केला आणि त्याच्या शिंगांना सागाच्या फांद्या बांधल्या. बैलानं एक फांदी खाल्ली. भिकुबाई म्हणून एक अंगणवाडीच्या बाई होत्या, त्यांनी विचारलं, इतक्या थंडीत ही जनावरं दूध देतात का? पंडितनं देतात म्हणून सांगितलं. एवढं झालं तरी आकाश आपलं काळंच्या काळं. लोक घड्याळं बघायला लागले.

आणि आपल्याकडे जानेवारीत चाळीस माणसं रात्री शेतात बसवली की ती कशाची वाट बघतात, हे काय सांगायला पाहिजे? भरिताची. टेकडीच्या मागे सिंगानं पऱ्हाटीचा ढीग रचून ठेवला होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं ती, काडी लागली की भडकतातच. पंडितनं शिट्टी वाजवली, सिंगानं ढीग पेटवून वर वांगी टाकली, आणि टेकडीच्या माथ्यावरचा धूर खालून असा तांबडा झाला, असा हलला, की एक गुरुजी उठून उभेच राहिले.

"दिसला," गुरुजी म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंडितनं खरं सांगायला तोंड उघडलं. मग त्याला प्रमिला आठवली, झुलाल आबा आठवले, आणि त्यानं उघडलेल्या तोंडानंच पुढची माहिती दिली, की हा प्रकाश सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे होतो. तेवढ्यात वांगी आणू का विचारायला सिंगा टेकडीवरून उतरला.

"भाऊ, वांगा भाजाई ग्यात. लई येऊ का?"

चाळीस फॉर्म आले. चाळीसच्या चाळीस 'फार चांगला दिसला'. शेऱ्याच्या जागेत सगळ्यांनी भरिताबद्दल लिहिलं होतं, ते साहेबांनी 'स्थानिक वैशिष्ट्य' म्हणून धरलं.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण शंभर टक्के यश आलं की सरकार कुठे थांबतं? मुंबईहून कौतुकाचं पत्र आलं आणि त्यातच खाली लक्ष्य आलं, आठवड्याला दोन फेऱ्या. तिकडच्या खऱ्या देशात म्हणे दहातल्या चार रात्री दिसतो. निमपाड्याला दर फेरीला दिसायला लागला. वीस-वीस ढीग पेटले. फेब्रुवारी संपता संपता सिंगा पंडितला बाजूला घेऊन म्हणाला, आता आमच्या पाड्यातली पऱ्हाटी बठ्ठीच्या बठ्ठी सरली, शेजारच्या पाड्यातलीही सरली. ती काही नुसती शोभेची नव्हती. वर्षभराच्या चुली त्यावर असतात. त्याची बायको चमेलीबाई आता भाकरीपुरतं जळण आणायला दोन कोस डोंगर चढत होती. पंडितला वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यानं अहवालात तसं लिहिलं. साहेबांनी त्याचं 'महिलांमध्ये गिर्यारोहणाची आवड निर्माण झाली' असं करून पुढे पाठवलं.

मग आखाजीच्या आठ दिवस आधी पत्र आलं. तीन जणांची तपासणी समिती येतेय. त्यातल्या एका सदस्यांनी खरा प्रकाश परदेशात जाऊन पाहिलेला आहे.

पंडित पत्र घेऊन केबिनमध्ये धावला. साहेब म्हणाले, घाबरू नको, तुझी ऑर्डर टाईप होऊन ड्रॉवरमध्ये आहे, समिती खूश झाली की सही करतो. त्यांनी ड्रॉवर थोडा उघडून दाखवलाही.

समिती आली तेव्हा चव्वेचाळीस अंश होतं. तिघांनी नियमाप्रमाणे कोट घातले. बर्फाची लादी उतरवली, तिला हात लावण्याऐवजी सगळ्यांनी ती फोडून आमरसात घातली आणि परिसर परिचय झाला असं धरलं. अंधार पडला. आता उजेड पाहिजे होता, आणि पऱ्हाटी तर कुठल्याच पाड्यात उरली नव्हती. टेकडीमागे पंडित सिंगाला विनवत होता, की थोडं, अगदी थोडं, उतारावरचं वाळलं गवत पेटव.

सिंगानं काडेपेटी त्याच्या हातात परत दिली. "डोंगर शे हा, भाऊ. चूल नही."

पलीकडून साहेबांची शिट्टी आली. एक. दोन. तिसऱ्या शिट्टीला पंडितनं स्वतःच काडी ओढली.

वारा दक्षिणेचा होता. गवत पेटलं, गवतावरून झुडपं, झुडपांवरून साग, आणि बघता बघता आख्खा डोंगर पेटला. निम्मं आकाश तांबडं, वर धुराचे पडदे, आणि ते हलतायत. समितीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. परदेशात पाहिलेले सदस्य म्हणाले, तिकडे इतका चांगला दिसत नाही, आणि ऊब तर अजिबात येत नाही. वणव्याला भिऊन ससे, भेकरं, दोन कोल्हे सतरंजीवरून पळत गेले. 'प्राणी दर्शन : प्रत्यक्ष' अशी खूण झाली. पाड्यातली माणसं ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला डोंगराकडे धावली, पुढे सिंगा, मागे चमेलीबाई. 'आदिवासी बांधवांचा उत्स्फूर्त सहभाग' असंही लिहून झालं. ढवळ्या शिंगांवरच्या फांद्यांसकट दोर तोडून पळाला, तो तिसऱ्या दिवशी सापडला.

चौथ्या दिवशी सिंगा कार्यालयात आला. भुवया जळालेल्या, हाताला झाडपाल्याचा लेप. मोहाची झाडं गेली, चारोळी गेली, डोंगर जळाला असं लिहून घ्या म्हणाला. पंडितनं अर्ज लिहून घेतला आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "त्या रात्री, त्या दिशेला, ध्रुवीय प्रकाशाची नोंद आहे. एका रात्री एका दिशेला दोन उजेड नोंदवता येत नाहीत. त्याला फॉर्म दे. सगळ्यात जवळून त्यानंच बघितलंय."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, ऑर्डर काढून टेबलावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

पंडितनं फॉर्म आणला. सिंगाला वाचता येत नव्हतं. फॉर्मवर काय लिहिलंय म्हणून त्यानं विचारलं. पंडित म्हणाला, डोंगर जळाला असं लिहिलंय. सिंगानं अंगठा उठवला, पंडितला हात जोडले आणि निघून गेला. साहेबांनी सही केली. लग्न आखाजीनंतर पाच दिवसांनी पारोळ्याला झालं, थाटात झालं. पंडित आता कायम आहे. आता तो नुसता खंडाच्या दिवशी नाही, रोजच उभा असतो. बसला की उत्तरेची खिडकी समोर येते म्हणतो.

हसताय ना? हसा. चांगला नमुना आहे पंडित, शिव्या द्यायला सोपा आहे. पण आखाजीच्या दिवसांत आपण सगळे कुठे झोपतो? गच्चीवर. त्या रात्री शिरपुरात, चोपड्यात, पार अमळनेरपर्यंत उत्तर लाल दिसत होती. तुम्ही उठून बसलात, पोरांना उठवलंत, बघा बघा डोंगरावर काय मस्त दिसतंय म्हणालात, आणि कूस बदलून झोपलात. पंडितला निदान नोकरी पाहिजे होती. तुमच्या हातात तर कुणी फॉर्मसुद्धा दिला नव्हता.