लोटनआबांचा वाचक

मी पदवीधर झालो तो कळसाडीच्या लोटनआबांमुळे, आणि आमच्या कंपनीच्या वार्षिक सभेत दरवर्षी जेवायला उशीर होतो तोही त्यांच्यामुळेच.

कंपनी शेतकऱ्यांची, आबा तिचे भागधारक. ठरावाचा नुसता क्रमांक उच्चारला की बाकीचे "मंजूर, मंजूर" म्हणत पंगतीकडे बघू लागतात. आबा तेवढे हात वर करतात. "वाची दखाडा." मग ठराव अख्खा वाचावा लागतो. आचारी हल्ली आबा आलेत का ते विचारूनच बट्ट्या तळायला घेतो. अध्यक्ष वैतागले की आबा शांतपणे सांगतात, "मी मालक शे."

आबांना स्वतःला वाचता येत नाही. माझे वडील त्यांच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारे सालदार. आमच्या घरात शाळा कुणी पाहिली नव्हती. आबा रोज संध्याकाळी मला ओट्यावर बसवून वर्तमानपत्र, खताच्या गोणीवरचा मजकूर, हाती लागेल ते वाचायला लावत. अर्थ सांगितल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ देत नसत. माझं बी.कॉम. त्या ओट्यावरच सुरू झालं.

पुढे मी याच कंपनीत व्यवस्थापक झालो. पहिला अहवाल लिहून उत्साहाने ओट्यावर गेलो. आबांनी चहा पाजला, अहवाल मात्र वाचू दिला नाही.

"तू आते कंपनीना माणूस शे. तुन्हं लिखेल तूच वाचशी, त मी मालक कसाना?"

ते काम त्यांनी शहाद्याच्या युसूफ टेलरना दिलं. युसूफचाचा जोडाक्षर आलं की थांबतात. 'लेखापरीक्षण' तर कापडासारखं तीन तुकड्यांत कापतात. तरी आबा मान डोलावतात म्हणे. माझा जळफळाट होई. त्या दुकानासमोर मोटारसायकल आपोआप हळू व्हायची.

यंदा अध्यक्षांनी मला नववा ठराव आटोपशीर लिहायला सांगितला. मी लिहिला. अहवाल छापून घरोघरी गेला. युसूफचाचा तो कसा वाचतात, हे काढून घ्यायला मी चांगली पँट उसवली आणि दुकानात गेलो.

चाचा शिवता शिवता म्हणाले, "शेवटला पानवर तुन्हं नाव शे ना, ते आबा दोनदा वाचाले लावतस. म्हंतस, धीरे वाच, आमना पोऱ्या शे."

पँट तिथेच ठेवून मी घरी आलो आणि हे पत्र पाठवलं:

"ती. आबांना सा. न.

नवव्या ठरावात मी एक ओळ गाळली आहे. कंपनी भाड्याने घेतेय ते गोदाम अध्यक्षांच्या मेव्हण्याचं आहे. सभेत 'गोदाम कुणाचं?' एवढंच विचारा. उत्तर मला द्यावं लागेल, आणि मी ते सर्वांसमोर देईन. अध्यक्ष मला ठेवतील असं वाटत नाही.

पत्र युसूफचाचांकडूनच वाचून घ्या. सभा होईपर्यंत शेवटच्या पानावरचं माझं नाव मात्र वाचायला लावू नका."