टण्ण वाजणारी फरशी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती, सावली होती, कारस्थानं होती. फरशी तेवढी नव्हती.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या राज्यात लग्नाला गेले. तिथल्या दरबारात चकचकीत टाइल्स होत्या आणि त्यांत महाराजांना स्वतःची आयाळ दिसली. झालं. परत आल्यापासून घरची मातीची जमीन त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

फरशी बसवायची तर गेनू खवलेमांजरानेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या पाठीवर जन्मतःच एकावर एक खवले पक्के बसवलेले, त्याला कारागिरी कोण शिकवणार? गेनू मिस्त्री आला. महाराजांनी पंजाने जागा दाखवली. त्या जागेच्या मधोमध वारूळ होतं. गेनूचं घर त्या वारुळातल्या वाळवीवर चाले, आणि आसपास दुसरं वारूळ नव्हतं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. सगुणाला दिवस गेले होते.

"अवो, मग जरा ढिली बसवा की," ती म्हणाली. "खाली जागा ऱ्हायली तर वाळवी परत यील."

"माझ्या हातनं ढिलं काम व्हायचं न्हाई, सगुणे."

सगुणाने कपाळावर हात मारला. असल्या नवऱ्यापुढे दुसरं काय करणार?

टाइल्स करायचं काम कुंभारीण माशीकडे होतं. तिने नदीकाठची माती चाळली, दाबून तिच्या चौकोनी वड्या पाडल्या, सावलीत वाळवल्या. गारगोटी दळून, पाण्यात कालवून त्यांच्यावर तिचा लेप दिला आणि भट्टी लावली. आगीत गारगोटी वितळली आणि टाइलवर काचेसारखी बसली. बाहेर निघालेली प्रत्येक टाइल माशी हातात धरून वाजवायची. टण्ण वाजली की पक्की भाजली. बद्द वाजली की तडा गेलेला, फेकून द्या.

हे सगळं झाडावरून एक सुतारपक्षी पाहत होता. तो राज्याचा तपासनीस होता. त्याने वहीत लिहून घेतलं, 'टण्ण म्हणजे उत्तम.'

गेनूने वारूळ सपाट केलं. करताना रडला, पण केलं. जमीन चोपून घट्ट केली, पाण्याची नळी धरून पातळी घेतली, पाणी मोरीकडे जाईल इतका ढाळ दिला. टाइल्स बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजत ठेवल्या. मग चुना-वाळूचा मसाला पसरून एकेक टाइल शेपटीने हळूहळू ठोकत बसवली, कुठे रिकामी जागा म्हणून राहू दिली नाही. दोन टाइल्समध्ये गवताच्या काडीएवढी फट ठेवली आणि ती नंतर भरली. तीन दिवस कोणाला पाय ठेवू दिला नाही. महाराजांनाही नाही. मुलांनो, अशी फरशी तुमच्या घरी नाही, माझ्याही नाही.

चौथ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी चोचीने पहिली टाइल ठोकली. ढप्प. दुसरी ठोकली. ढप्प. सगळ्या दरबारात एकही वाजेना.

"मिस्त्री, हे काय?"

"साहेब, हातात टाइल वाजायला हवी. बसवल्यावर मुकी व्हायला हवी. खालून भरीव आहे, म्हणून वाजत नाही."

तपासनिसांना हे नवीन होतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या खोड ठोकून पाहत. आतून भरीव निघालं तर ते झाड वाया गेलं म्हणायचं. पोकळ निघालं तर आत जेवण. भरीवपणाचं कौतुक करावं, असं त्यांच्या आजोबांनीही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी शेरा मारला, 'निकृष्ट. उखडून पुन्हा बसवावी. टण्ण न वाजल्यास मिस्त्रीचे खवले काढून दरबारात बसवावेत.'

गेनू घरी येऊन पाठ वळवून निजला. सगुणाने त्याला एकच विचारलं, पाच टिकल्या ठाऊक आहेत का.

ठाऊक होत्या. कोणत्या मिस्त्रीला ठाऊक नसतात? टाइलच्या चार कोपऱ्यांना मसाल्याची एकेक टिकली, मध्ये एक, आणि बाकी सगळी हवा. गेनूने आयुष्यात प्रथमच तशी फरशी बसवली. अर्ध्या दिवसात झाली. तपासनिसांनी चोच टेकवली आणि दरबार देवळासारखा घुमला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांनी डरकाळी फोडली, ती खालून परत आली, आणि आपल्याला दोन सिंहांचं बळ आलं असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात हत्ती मुजऱ्याला आला. पहिल्याच पावलाला अकरा टाइल्स फुटल्या. तपासनिसांनी तुकडे वाजवून पाहिले, ते टण्ण वाजले. तेव्हा दोष हत्तीच्या पायाचा ठरला. यापुढे हत्तींनी मुजरा बाहेरूनच करावा, असा हुकूम निघाला.

गेनूला दुरुस्तीला बोलावलं. त्याने फुटकी टाइल उचलली, तर खालच्या पोकळीत पांढरी वाळवी नुसती वळवळत होती. अंधार, गारवा, वर काचेचं छप्पर. वारुळात कधी नव्हती इतकी ती माजली होती. गेनू पोटभर जेवला, घरी न्यायला थोडी बांधून घेतली आणि नवी टाइल बसवली. पाच टिकल्यांवरच.

मग दर सोमवारी काही ना काही फुटू लागलं. सगुणा बाळंत झाली, पोर गुबगुबीत निघालं. वर्षाअखेरीस दरबारात गेनूला शाल-नारळ देऊन 'उत्कृष्ट कारागीर' म्हणून गौरवलं. तो व्यासपीठावर ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, आनंदाने.

"का रडलात वो?" सगुणाने घरी विचारलं.

"लाज वाटली," गेनू म्हणाला. तिने पुढे केलेलं ताट त्याने बाजूला सारलं. त्याला भूकही नव्हती. दरबारातूनच जेवून आला होता.

तात्पर्य: मुलांनो, काम नेहमी भरीव करावं, हे तुमचे गुरुजी सांगतात ते अगदी बरोबर आहे. फक्त त्याआधी, तपासायला येणाऱ्याच्या घरी काय शिजतं, याची चौकशी करावी.