प्रभाकररावांची सौर पडताळणी

सौर विजेबद्दल बालाघाटात शेवटचा शब्द आपलाच असणार, असं प्रभाकररावांनी दोन हजार दोन सालच्या एप्रिलमध्ये जाहीर करून टाकलं. जाहीर म्हणजे सकाळच्या फेरीनंतर, चहाच्या टपरीवर, पाच पेन्शनरांसमोर. राज्याचे दोन तुकडे झाले, वीज नव्या राज्यात गेली नि अंधार आपल्या वाट्याला आला, हे रडगाणं ती मंडळी रोज गात. सकाळी चार तास लाइट नाही, संध्याकाळी तीन तास नाही, आणि मधल्या वेळात असली तरी ती आजारी माणसाच्या नाडीसारखी. अशात छतावर काच ठेवून उन्हाची वीज करायची टूम निघाली होती. ती परवडते की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

"एक महिना द्या मले," प्रभाकरराव म्हणाले. "तीस दिवसांचं रजिस्टर ठेवतो. मग मी नाही बोलणार, आकडे बोलतील."

प्रभाकररावांनी चौतीस वर्षं एका सरकारी खात्यात लेखापरीक्षक म्हणून काढली होती. बैहर-बिरशाच्या जंगलातले तलाव आणि हातपंप त्यांच्या लाल शाईखालून गेले होते. तपासायची त्यांची एक पद्धत होती. रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात खुर्ची टाकायची, फाइल मागवायची, चहा मागवायचा आणि शेवटी लिहायचं: 'प्रत्यक्ष पडताळणी केली.' एकदा एका तलावाचं पाणी त्यांनी 'स्वच्छ व पुरेसे' ठरवलं. तलाव पुढच्या वर्षी खोदला गेला. पण बेरीज एका पैशानेही चुकली नव्हती, आणि त्याचा त्यांना अजून अभिमान होता.

घरात मात्र प्रश्न जरा वेगळा होता. पोस्टातलं सर्टिफिकेट पिकलं होतं, अठरा हजारांचं. उमाबाईंना त्यातून गच्चीवर जायला पक्का जिना हवा होता. घर बांधताना पैसे संपले आणि जिना राहून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या पापडांच्या चिकाचं पातेलं सांभाळत लोखंडी शिडी चढत. आता वय अठ्ठावन्न. फकिरा मिस्त्रीने जिन्याचे साडेसतरा हजार सांगून ठेवले होते. प्रभाकररावांचा शेरा ठरलेला असे: "वर काम काय आहे? खर्चाचे औचित्य सिद्ध होत नाही." ते स्वतः अकरा वर्षांत एकदाही वर गेले नव्हते. गुडघे!

आणि पॅनल, बॅटरी, दोन दिवे, एक टीचभर पंखा मिळून किंमत अठराच हजार. म्हणजे एक तर ऊन खाली आणायचं, नाहीतर उमाबाईंनी सुखाने वर जायचं. दोन्ही व्हायचं नव्हतं.

"महिनाभर पाहा," उमाबाई म्हणाल्या. "परवडलं तं घ्या तुमची काच. नाही परवडलं तं जिना. कबूल?"

"लिहून देतो," प्रभाकरराव म्हणाले. आणि खरंच दिलं, तारीख-सहीसकट.

पॅनल विकणारा वीरेंद्र बैहरचा. मलाजखंडला खाणीच्या वसाहतीत तारा जोडता जोडता तो हे नवं काम शिकला होता. एका रिपोर्टावर पाच पेन्शनर गळाला लागतील, या हिशेबाने त्याने महिनाभर फुकट वापरायला दिलं. परत न्यायची वेळ आलीच तर त्रास नको म्हणून स्टँड गच्चीवर नुसतं ठेवलं, सिमेंट केलं नाही. उतरताना उमाबाईंना म्हणाला, "काकीजी, बस रोज शीशा पोंछ देना. बाकी ये धूप खाता है, और कुछ नहीं मांगता."

उमाबाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रभाकरराव म्हणाले, "तुले बाकीचं समजून काही फायदा नाही. तू फक्त पूस."

पहिल्या दिवशी दिवा पाच तास चालला. रजिस्टरात शेरा पडला: 'उत्तम.' दुसऱ्या दिवशी दिवा चाळीस मिनिटांत मान टाकून बसला. तिसऱ्या दिवशी तेच. प्रभाकररावांनी बॅटरीजवळ खुर्ची टाकली, भिंतीवरचं घड्याळ समोर आणून ठेवलं आणि मिनिटामिनिटाची नोंद घेतली. उमाबाईंनी शेजारी ताज्या पापडांची ताटली ठेवली.

"यंदा पापड काचेसारखे गुळगुळीत झालेत," ते एक मोडत म्हणाले. "आणि लवकर वाळून राह्यले."

"ऊन कडक आहे," उमाबाई म्हणाल्या.

मग तर ते अधिकच चिडले. एवढं कडक ऊन पापडांना पोचतं, आणि अठरा हजारांच्या काचेला पोचत नाही?

वीरेंद्रला निरोप गेला. त्याची बैहरची बस संध्याकाळी पाचला यायची. तो शिडीवरून सरसर वर गेला, मीटर लावून पाहिलं आणि खाली आला. पॅनल एकदम फर्स्ट क्लास होतं. "काकीजी ने ऐसा चमकाया है," तो म्हणाला, "कि उसमें मूंछ दिखती है." दोष बॅटरीचा असावा म्हणून त्याने बॅटरी बदलून दिली. नवी बॅटरीही चाळीस मिनिटांतच आडवी झाली. तो पुन्हा आला, पुन्हा पाचलाच. पुन्हा मिशी दिसली.

वीज तयार होते आणि घरात पोचत नाही, तेव्हा मध्येच कोणीतरी खातंय, हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही. प्रभाकररावांची नजर शेजारच्या आंब्यावर गेली. झाड प्रेमलालजींचं, ते जंगलखात्यातून निवृत्त झालेले, टपरीवरच्या पाचांतले एक. झाडाची एक फांदी या बाजूला झुकली होती. प्रभाकररावांनी अंगणात उभं राहून सावली फूटपट्टीने मोजली, वरची सावली त्रैराशिकाने काढली आणि प्रेमलालजींना कागद पाठवला: 'आपली सावली आमच्या क्षेत्रात अतिक्रमण करीत आहे.'

प्रेमलालजी कागद हातात घेऊनच आले. "भाऊ, मी आयुष्यभर जंगलात लाकूडचोर पकडले. आंब्याले ऊनचोर म्हणून पकडणारा माणूस आजच पाहून राह्यलो."

पण माणूस मानी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फांदी तोडली. दोन टोपल्या कैऱ्या पडल्या आणि दोन घरांचं बोलणं थांबलं. म्हणजे पुरुषांचं. प्रेमलालजींच्या पुष्पलताबाई पापडांसाठी यायच्या तशाच येत राहिल्या, आणि कैऱ्याही त्यांच्याबरोबर आल्या.

फांदी गेल्यावर दिवा चाळीसवरून पस्तीस मिनिटांवर आला.

आता प्रभाकररावांनी आयुष्यातलं शेवटचं हत्यार काढलं: सगळ्या नोंदींचा गोषवारा. आणि त्यात त्यांना असं काही दिसलं की चष्मा काढून पुसावा लागला. चारही शनिवारी दिवा पुरे पाच तास चालला होता. अमावास्येलाही पाच तास. पहिला दिवस सोडला तर बाकी सगळे दिवस बोंब. त्यांनी बेरीज तीनदा केली. आकडे खोटं बोलत नव्हते, पण जे बोलत होते ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. टपरीवर दबकत विचारलं तेव्हा एक पेन्शनर गंभीरपणे म्हणाला, "शनी म्हणजे सूर्याचा पोरगा. बाप पोराच्याच वारी काम करून राह्यला, दुसरं काय?"

प्रभाकररावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी शनीला चार रुपयांचं तेल वाहिलं आणि खर्च 'देखभाल व दुरुस्ती'त टाकला.

अखेर तिसावा दिवस आला. वीरेंद्रने या वेळी भर दुपारी येतो, तुमच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवतो, असं कळवलं होतं. निकाल ऐकायला पाचही पेन्शनर बारा वाजता अंगणात हजर. प्रेमलालजी न बोलता आले होते, पण आले होते. उमाबाई कुठे दिसत नव्हत्या. वीरेंद्रला उशीर होत होता, म्हणून प्रभाकररावांनी रजिस्टर सगळ्यांच्या हाती फिरवलं. ते प्रेमलालजींपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. ते एकेक पान उलटत होते.

"भाऊ," ते फांदी तोडल्यापासून पहिल्यांदाच बोलले, "पानोपानी लिहिलं आहे, प्रत्यक्ष पडताळणी केली. तीस पानं, तीस वेळा. तुम्ही ही शिडी कधी चढलते?"



चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. प्रभाकररावांनी धोतराचा सोगा खोचला आणि शिडीला हात घातला. वरून उमाबाईंचा आवाज आला, "अहो, थांबा, मीच उतरते!" बायकोला आपल्या गुडघ्यांची काळजी वाटते आहे, असं समजून त्यांना आणखी चेव चढला. एकेका पायरीवर गुडघे सासरी निघालेल्या मुलीसारखे रडत होते. पण अकराव्या पायरीला त्यांचं डोकं कठड्याच्या वर निघालं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपली गच्ची दिसली.

पॅनल दिसलं नाही. त्याच्या जागी पापड दिसले. या काठापासून त्या काठापर्यंत, ओळीने चाळीस, पांढरेशुभ्र. फटीफटीतून कैरीच्या फोडी. पापडांचा चीक ओघळू नये म्हणून स्टँडच्या पुढच्या पायांखाली विटा घालून काच सपाट केलेली. एका बाजूला छत्री धरून उमाबाई, दुसऱ्या बाजूला कावळे हाकायची काठी घेऊन पापडांना मदतीला येणाऱ्या गोदाबाई.

"हे काय आहे?" प्रभाकररावांनी विचारलं.

"साबुदाण्याचे," उमाबाई म्हणाल्या.

"पॅनलवर?"

"तुम्हीच म्हणाले होते, पूस. रोज पुसते मी, घालायच्या आधी आणि काढल्यावर. चारला पापडं काढतो, काच लख्ख करतो, विटाही काढून ठेवतो. लोकाची वस्तू आहे, जशीच्या तशी राहायले पाह्यजे."

"अगं, ते ऊन खातं! त्याच्यावर काही ठेवलं की उपाशी मरतं!"

"असं काय? मले वाटलं तापलं म्हणजे झालं. तापते तं खूपच. दोन खेपा होतात दिवसाच्या."

"दोन..." त्यांच्या डोळ्यांसमोर गोषवारा तरळला. "आणि शनिवारी?"

"शनिवारी आणि अमावास्येला पापडं घालतात काय कोणी?"

शनीचं तेल प्रभाकररावांच्या घशाशी आलं. "मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही काहून नाही विचारलं?" उमाबाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मले समजून फायदा नाही म्हणाले होते ना."

उमाबाईंना खरंच ठाऊक नव्हतं, की महिन्याच्या मध्ये कधीतरी ठाऊक झालं होतं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

तोवर वीरेंद्र आला, शिडी चढला आणि प्रभाकररावांच्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिला. तीन फेऱ्यांचं बसभाडं आणि एक नवी बॅटरी त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. मग त्याला जे हसू फुटलं, त्याने शिडी हलली. आणखी एक महिना ठेवून घ्या, काकीजींचे पापड आटोपले की खरा हिशेब निघेल, असं तो म्हणाला. पण गोदाबाईंचा हिशेब आधी तयार होता.

"साहेब, बिघडलेलं असन तं केवढ्याले देता?" त्यांनी विचारलं. "आपल्याले लाइट नाही पाह्यजे. काच पाह्यजे."

वीरेंद्रकडे मेलेली दोन पॅनलं पडून होती. तीनशे रुपयांना एक. एक गोदाबाईंनी ठरवलं, एक गलका ऐकून अंगणात आलेल्या पुष्पलताबाईंनी, खालूनच. त्या मोहल्ल्यातली ही सौर क्षेत्रातली पहिली विक्री!

वीरेंद्र उतरला. प्रभाकररावही उतरायला वळले, खाली बघितलं आणि पुन्हा सरळ झाले. चढताना गुडघ्यांबरोबर अब्रू होती, आता नुसते गुडघे होते. ते हळूच कठड्याच्या आत सरकले आणि बसले.

"भाऊ, या ना खाली," प्रेमलालजींनी हाक मारली.

"तपासणी चालू आहे," वरून उत्तर आलं.

तपासणी लांबली. गोदाबाई स्वयंपाक करायचा म्हणून घरी गेल्या आणि जाताना काठी प्रभाकररावांच्या हातात देऊन गेल्या. उमाबाईंनीही छत्री त्यांच्याजवळ ठेवली आणि रोजच्या सवयीने शिडी उतरल्या. दीड वाजता पापडांच्या बादलीतून दोरीने वरण-भात वर गेला. पेन्शनर मंडळी जेवायला घरी गेली नाहीत. आंब्याच्या उरलेल्या सावलीत बसून राहिली. कावळा आला की वर काठी हलायची आणि खाली पाच माना हलायच्या.

तीनच्या सुमारास उमाबाई शिडीच्या पायथ्याशी आल्या.

"अहो, फकिरा मिस्त्रीले विचारून आले. बोलावू काय त्याले?"

"काहून?"

"त्याच्याजवळ बांबू आहेत, माणसं आहेत. परांची बांधून उतरवेल तुम्हाले. पण तो म्हणते, नुसतं उतरवायले येत नाही. जिन्याचं काम असेल तं येतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नाहीतर खुर्ची धाडते वर. वर काम काय आहे म्हणा, पण बसता तं येईल."

मग दोरी हलली. बादली रिकामी खाली आली, आणि पोस्टाचा पैसे काढायचा फॉर्म, सर्टिफिकेट आणि पेन घेऊन वर गेली. परत आली तेव्हा सही होती. मागे न चुकता लिहिलेलं: 'खर्चाचे औचित्य सिद्ध झाले. मंजूर.'

साडेचार वाजता प्रभाकरराव जमिनीला लागले. पॅनल मे महिनाभर तसंच ठेवायचं ठरलं, कारण ते बिचारं कामाला लागलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टपरीवर अंतिम अहवाल वाचला गेला. सौर वीज परवडते किंवा कसे, याची चौकशी तहकूब. पापड परवडतात. जिना अत्यावश्यक. खाली लाल शाईत तेच जुनं वाक्य होतं: 'प्रत्यक्ष पडताळणी केली.'

या वेळी त्याला कोणी हरकत घेतली नाही. चार तास त्यांनी ती खालून पाहिली होती.