आक्काचा डबा आणि शिंप्याचं फुफ्फुस

सुनेला रीतभात नाही, हे आक्काने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. पण घरातला डबा उचलून थेट इस्पितळात नेण्यापर्यंत तिची मजल जाईल, असं वाटलं नव्हतं. डबाही ऐरागैरा नव्हे. चपटा, निळ्या झाकणाचा, चारी बाजूंनी खटके असलेला. पातळ कालवण भरून उलटा धरला तरी थेंब सांडायचा नाही.

सून इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. पेशंटच्या फुफ्फुसातल्या गाठीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचपट्टीवर बसवायचे, त्यांवर अँटिबॉडीचा थेंब सोडायचा आणि पट्ट्या रात्रभर ओल्या कागदावर बंद डब्यात ठेवायच्या. सकाळी रंग द्यायचा. थेंबाला गाठीत आपलं माणूस भेटलं की तिथे तपकिरी रंग धरतो, नाही भेटलं तर नाही. हे ती नवऱ्याला समजावत होती आणि आक्का स्वयंपाकघरातून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या डब्यात ही लोकांची फुफ्फुसं मुरत घालणार," आक्का मुलाला म्हणाली.

"मग दे की टाकून तो डबा."

"टाकीनच. पण मी टाकीन. माझा डबा तिने का नासवावा?"

त्या दिवसापासून आक्काने सुनेशी अबोला धरला. तो धरण्यात तिचा हातखंडा होता. सासऱ्यांशी तिने एकदा सव्वा वर्ष निभावला होता.

चौथ्या दिवशी सकाळी ब्लडप्रेशर तपासायला ती त्याच इस्पितळात गेली. अबोला असल्यामुळे सुनेला सांगायचा प्रश्न नव्हता. बाकावर एक शिंपी बसला होता, गळ्यात मापाची टेप तशीच. त्याने सरकून जागा दिली.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला. "छातीत सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट काही येत नाही."

"इथली माणसं संथच आहेत. एक तर आमच्याच घरात आहे," आक्का म्हणाली.

परत जाताना वाटेत लॅब लागली. सून अजून आली नव्हती. शिपाई फरशी पुसत होता. त्याने ओळखून आत घेतलं. कोपऱ्यातल्या फ्रिजच्या काचेतून निळं झाकण दिसलं. दारावर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. आक्का दुसरीपर्यंत शिकलेली. लाल अक्षरांशी तिची ओळख नव्हती आणि अनोळख्यांचं ती ऐकत नसे. शिपाई पाणी बदलायला गेला, तोवर डबा तिच्या हातात होता.

बसमध्ये तिने तो मांडीवर सपाट धरला. भरला डबा आडवा-तिडवा धरणाऱ्या बायकांविषयी तिचं मत फार वाईट होतं. घरी येऊन झाकण उघडलं, तर ओल्या कागदावर सहा काचपट्ट्या आणि प्रत्येकीवर एकेक थेंब. आक्काने नाक मुरडलं आणि नळ सोडला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, डबा तुमच्याकडे आहे?"

"माझा डबा माझ्याकडेच असणार."

"उघडू नका हं."

"उघडला."

पलीकडून सुनेने घाईने विचारलं, "पुसलंत का काही?"

"आता पुसणारच होते."

"आई, हात लावू नका. झाकण लावा आणि टॅक्सीने या. डबा सपाट धरा. त्या गाठीचे हे शेवटचे काप आहेत. ती फुफ्फुसातलीच की दुसरीकडून आलेली, ते यावरनं कळणार, त्यावर औषध ठरणार. थेंब सुकला तर इथे बाकावर रिपोर्टची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागेल."

आक्काने नळ बंद केला. पदर खोचला.

टॅक्सीवाल्याने पहिल्याच गतिरोधकावर गाडी उडवली.

"बाबा, हळू. डब्यात माणसाचं फुफ्फुस आहे."

त्याने आरशातून एकदा तिच्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. त्यानंतर टॅक्सी वरातीसारखी चालली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला, पण मागे वळून पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

इस्पितळाच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. "आजी, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे."

"खाणं नाही."

"सगळे असंच म्हणतात. उघडा."

"उघडणार नाही. सुनेने सांगितलंय," आक्का म्हणाली, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून क्षणभर थबकली. "तुला खायचंच असेल तर आत चल. चमचा घे."

तो बाजूला झाला.

सुनेने डबा घेतला, थेंब पाहिले आणि श्वास सोडला. पट्ट्या धुतल्या, रंग दिला. आक्का स्टुलावरून हलली नाही. दुपारी मोठे डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, मग म्हणाले, "छान धरलाय रंग. गाठ फुफ्फुसातलीच. संध्याकाळी रिपोर्ट देतो. पुन्हा सुई नको." आणि निघून गेले.

"झालं ना तुझं काम?" आक्का उठली. "दे आता माझा डबा."

सून घुटमळली. "आई, हा लॅबचा आहे. तुमचा मी नेला त्याच दिवशी परत आणला. घरचा डबा इथे चालत नाही म्हणाले. पण घट्ट आहे म्हणून तसलेच सहा मागवले. तुमचा कपाटात आहे, वरच्या फळीवर."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही बोलतच नव्हता माझ्याशी."

शिपायाने हळूच बादली उचलली आणि बाहेरचा रस्ता धरला. आक्काने पदर सारखा केला.

"मी बोलत नव्हते, बाई. ऐकत होते की. अबोला माझा होता, तू कशाला तोंड शिवून बसलीस? लोकांच्या छातीतलं ओळखतेस आणि घरातली सासू कळत नाही तुला. चूक सगळी तुझीच आहे, पण ते घरी बोलू. आधी बाहेर जा आणि त्या शिंप्याला सांग की सुई टळली. तो बिचारा कुणाशी रुसलेला नाही."