शीळ ओळखणारी पेटी

मुलांनो, एका जंगलाच्या कचेरीत टेलिफोनची एकच तार होती. त्याच तारेवरून लोक बोलत आणि त्याच तारेवरून फॅक्सही येत. फॅक्स म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. एका गावी यंत्रात कागद घातला की दुसऱ्या गावच्या यंत्रातून तसाच कागद बाहेर पडे. तेवढ्यावर त्या काळी मोठमोठे प्राणी स्वतःला सुधारलेले समजत.

जंगलातल्या प्रत्येक पाणवठ्यावर फोन बसवलेला होता. कुठे संकट आलं की कचेरीला फोन करायचा, आणि कचेरीने नगारा वाजवून सगळ्यांना सावध करायचं, असा नियम होता.

तार एक आणि कामं दोन, तरी कधी अडलं नव्हतं. कारण कचेरीत यमुताई टिटवी होत्या. घंटा वाजली की यमुताई रिसीव्हर उचलत. कुणी बोललं तर त्याच्याशी बोलत. यंत्राची बारीक शीळ ऐकू आली तर फॅक्सचं हिरवं बटण दाबून रिसीव्हर खाली ठेवत. नुसतीच शांतता असली, तरी बटण दाबून पाहत. शेजारच्या दगडवनातलं फॅक्सयंत्र फार जुनं होतं, ते शीळ घालत नसे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नऊ वर्षं त्या कान देऊन ऐकत होत्या, एवढंच.

मग एका वर्षी यमुताईंनी तीन आठवड्यांची रजा घेतली. फोन उचलायची पाळी मुख्य कारभारी वराहरावांवर आली.

वराहराव म्हणजे रानडुक्कर. त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत रिसीव्हर कानाला लावला आणि यंत्राने त्यांच्या कानात सणसणीत शीळ घातली. वराहराव खुर्चीसकट मागे पडले. कचेरीतल्या खारी हसल्या. शीळ त्यांनी सोसली असती. खारींचं हसणं त्यांना सोसलं नाही.

ते तडक महाराजांकडे गेले. महाराज सिंह होते. दुपारी त्यांना झोप येई आणि सकाळी ती उतरत नसे.

"महाराज, तुमचं राज्य एका टिटवीच्या कानांवर चाललंय," वराहराव म्हणाले. "हे काही शोभत नाही. बोलणं कुठलं आणि फॅक्स कुठला, हे आपोआप ओळखणारी यंत्रं निघाली आहेत आता."

"मग घ्या एखादं."

"कुठलं घ्यावं, यासाठी समिती लागेल."

"मग समिती घ्या," महाराज म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

समिती झाली. वराहराव अध्यक्ष, अस्वल सदस्य. अस्वलाला टेलिफोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याचं मत निःपक्षपाती समजलं गेलं. यमुताईंनाही रजेवरून बोलावलं होतं. चहा कोण देणार?

यंत्रं विकायला एक खंड्या आला. निळाभोर चकचकीत कोट आणि लांब चोच. त्याने टेबलावर तीन पेट्या मांडल्या.

"ही पहिली, साहेब. हिला एक खटका आहे. डावीकडे केला की बोलणं, उजवीकडे केला की फॅक्स. खटका तुम्ही फिरवायचा."

"म्हणजे कुणीतरी तिथे बसायला हवं," वराहराव म्हणाले. "मग यमुताई काय वाईट होत्या? पुढची."

"ही दुसरी. हिच्यात तार एकच, पण नंबर दोन मिळतात. बोलायचा नंबर लावला की घंटा एकदा वाजते, फॅक्सचा लावला की दोनदा. घंटेवरूनच पेटीला कळतं. चूक होत नाही."

"पण नवा नंबर शेजारपाजारच्या जंगलांना कळवावा लागेल?"

"हो. एक पत्र पाठवायचं."

"पत्राचा मसुदा कोण करणार?" वराहरावांनी अस्वलाकडे पाहिलं. अस्वलाने छताकडे पाहिलं. दुसरी पेटी बाजूला गेली.

"आणि ही तिसरी," खंड्या आवाज खाली आणून म्हणाला. "ही स्वतः फोन उचलते. दहा सेकंद ऐकते. शीळ आली तर फॅक्सकडे देते, नाही आली तर तुमच्याकडे. ही स्वतः ठरवते, साहेब."

मुलांनो, त्या कचेरीत बारा वर्षांत कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवणारी पेटी पाहून वराहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

यमुताई कपबशा उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू का? दगडवनाचं यंत्र शीळ घालत नाही. त्याचं ही काय करणार? आणि आमच्यासारखं बारीक आवाजाचं कुणी घाबरून ओरडलं, तर ते शीळच वाटेल ना हिला?"

खंड्याने माहितीपत्रक उलटसुलट चाळलं. "बाई, असा प्रश्न यात नाही," तो म्हणाला.

"यात नाही, म्हणजे तो प्रश्न उद्भवत नाही," वराहराव म्हणाले. "यमुताई, साखर कमी होती."

तिसरी पेटी घ्यायचं एकमताने ठरलं. अस्वलाला हलवून जागं केलं, तेव्हा तोही हो म्हणाला.

पेटीला हार घालून नारळ फोडला. यमुताईंना शाल दिली आणि घरी पाठवलं. त्या नदीकाठच्या वाळूत राहायला गेल्या.

पेटी कामाला लागली. नदीकाठचं हरीण वाट वाहून गेल्याचं सांगायला फोन करी. पेटी फोन उचले आणि गप्प बसून ऐके. हरीण म्हणे, "हॅलो, हॅलो." मग पलीकडे कुणी नाही असं समजून फोन ठेवी. चिमण्यांनी फोन केला तर त्यांच्या कानात फॅक्सयंत्र शीळ घाली. दोनतीनदा असं झाल्यावर चिमण्यांनी फोन करणंच सोडलं. दगडवनाचे कागद यायचे बंद झाले. वराहरावांनी महिन्याच्या अहवालात लिहिलं, की पेटी आल्यापासून प्रजेच्या तक्रारी निम्म्याने घटल्या असून शेजाऱ्यांशी कसलाही वाद उरलेला नाही.

महाराजही खूश होते. त्यांचा आवाज भारदस्त. त्यांचा फोन दर वेळी लागे.

चैत्रात एके दुपारी टेकडीवरच्या बांबूंनी पेट घेतला. वारा कचेरीच्या दिशेने होता. मधे सशांची वस्ती होती, आणि टेकडीच्या पायथ्याच्या वाळक्या गवतात कासवआप्पा राहत. आप्पा फार म्हातारे होते. संकटाची बातमी आली की यमुताई नगारा वाजवायला सांगण्याआधी एका खारीला आप्पांकडे पिटाळत. त्यांना निघायला सगळ्यांपेक्षा आधी कळायला हवं, हे यमुताईंना ठाऊक होतं. पेटीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

धूर पहिल्यांदा यमुताईंनीच पाहिला. त्या पाणवठ्यावरच्या फोनकडे धावल्या.

"आग लागलीय. टेकडीवर आग. नगारा वाजवा."

घाबरलेली टिटवी कशी बोलते, ते तुम्ही ऐकलं असेल. पेटीने ऐकलं, शीळ ओळखली आणि तार फॅक्सयंत्राला जोडून दिली. फॅक्सयंत्राने उलट शीळ घातली.

यमुताईंनी फोन ठेवला, पुन्हा लावला. या वेळी त्यांनी मान खाली घालून जाड आवाज काढायचा प्रयत्न केला. समोर धूर दिसत असताना तो निघेना. पुन्हा शीळ. तिसऱ्यांदा त्या नुसत्या रडल्या. तेही फॅक्सच ठरलं.

शेवटी त्यांनी रिसीव्हर लोंबकळता सोडला आणि कचेरीकडे उडाल्या. वारा अंगावर येत होता. धुरातून वळसा घालून जावं लागलं.

इकडे दगडवनातल्या पहारेकऱ्यांनाही धूर दिसला होता. त्यांनी आगीची जागा आणि वाऱ्याची दिशा लिहून फॅक्स पाठवला. त्यांच्या यंत्राने नेहमीप्रमाणे शीळ घातली नाही. पेटीने दहा सेकंद ऐकलं आणि बोलणं आहे असं ठरवून वराहरावांच्या टेबलावरची घंटा वाजवली.

"बोला," वराहराव म्हणाले. पलीकडे शांतता.

"अहो बोला की." शांतता.

चारदा असं झालं. पाचव्यांदा त्यांनी रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला आणि पान जमवायला घेतलं.

यमुताई खिडकीतून आत पडल्या तेव्हा त्यांची पिसं होरपळली होती.

"साहेब, आग."

"यमुताई, आता तुम्ही कर्मचारी नाही," वराहराव सुपारी कातरत म्हणाले. "आधी फोन करून यायचं असतं."

 त्या सरळ नगाऱ्यावर जाऊन बसल्या आणि चोचीने, पंखांनी, सगळ्या अंगाने तो बडवू लागल्या. आवाज फार झाला नाही. पण खारींनी ऐकला आणि टिपऱ्या उचलल्या. नगारा दणाणला.

ससे पिल्लांना तोंडात धरून नदीकडे पळाले. अकरा बिळं जळाली, ससे वाचले. यमुताई तशाच टेकडीच्या पायथ्याकडे उडाल्या, पण गवत पेटलं होतं. खाली उतरता येईना. त्या वरून आप्पांना हाका मारत घिरट्या घालत राहिल्या. आग विझेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

कासवआप्पा दुसऱ्या दिवशी सापडले. नगारा ऐकताच ते निघाले होते. घरापासून सोळा हात आले होते. तोंड नदीकडे होतं.

महाराजांना दुःख झालं. त्यांनी चौकशी आयोग नेमला. वराहराव अध्यक्ष, अस्वल सदस्य.

खंड्याची साक्ष झाली. पेटी माहितीपत्रकाप्रमाणेच चालली, असं त्याने पान उघडून दाखवलं. ते खरंच होतं. मग यमुताईंना बोलावलं.

"तुम्ही फोनवर कुठल्या आवाजात बोललात?" वराहरावांनी विचारलं.

"माझ्या."

"तो फॅक्सचा आवाज आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हालाही माहीत होतं. मी याच टेबलापाशी उभी राहून सांगितलं होतं."

"म्हणजे माहीत होतं," वराहराव लेखनिकाला म्हणाले. "लिहा."

यमुताई महाराजांकडे वळल्या. "महाराज, मी टिटवी आहे. माझा आवाज असाच आहे. आप्पांना अर्धा तास आधी कळलं असतं तर ते आज नदीवर असते."

महाराजांनी अहवालाचं शेवटचं पान पाहिलं. "पहिल्या दोन वाक्यांवर आयोगाचंही एकमत आहे," ते म्हणाले.

अहवालात दोन दोषी ठरले. यमुताई, कारण त्यांनी फॅक्सच्या आवाजात फोन केला. आणि दगडवन, कारण त्याने फोनच्या शांततेत फॅक्स केला. यमुताईंना पाणवठ्यावरच्या फोनला हात लावायची बंदी झाली. दगडवनाला निषेधाचा फॅक्स पाठवण्यात आला.

मग पाणवठ्यापाणवठ्यावर हुकूम लागला, की संकटसमयी प्रजेने खर्जात आणि सावकाश बोलावं. ज्यांना जमत नसेल त्यांच्यासाठी वडाखाली वर्ग काढला. शिकवायला एक रेडा ठेवला. ज्यांची बिळं जळाली त्या सशांना हजेरी सक्तीची होती.

महिनाभर ससे घसा फुगवून मेहनत करत होते. परीक्षेच्या दिवशी महाराज स्वतः आले. सगळ्या सशांनी रांगेत उभं राहून एका सुरात, खोल, संथ आवाजात म्हटलं, "आग लागली आहे."

महाराजांनी डोळे मिटून मान डोलावली. इतकं निवांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मांडवातला एकही प्राणी जागचा उठला नाही. वराहरावांनी सगळ्यांना उत्तीर्ण केलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठे झालात की ऐकणाऱ्याला घरी पाठवा आणि ऐकणारं यंत्र बसवा. ते चाललं तर श्रेय तुमच्या निवडीचं. नाही चाललं, तर दोष ओरडणाऱ्याच्या गळ्याचा.