आगाऊ श्रद्धांजली

मी गेल्यावर माझ्या बॅनरवर काय छापायचं, ते समोरच्या घरात, एका निळ्या वहीत, बाविसाव्या पानावर लिहून तयार आहे. वर माझं नाव, खाली चार ओळी. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडलीय.

हे मला कळलं कसं, तर एका रविवारी मी सोनवणेकाकांकडे वाटीभर साखर मागायला गेलेले. ठाकुर्लीला आमची चार मजल्यांची बिल्डिंग, तिसऱ्यावर आमची दारं समोरासमोर. काका म्हणाले, "बरी आलीस वैशाली, बस. तुझं कालच पूर्ण झालं." मला वाटलं, सोसायटीचा कसला तरी फॉर्म असेल. काकांनी वही उघडली, घसा साफ केला आणि वाचायला लागले:

दार उघडेच टाकून गेली,
वाटी तशीच ओट्यावर.
साखर आता कोण मागेल
आमच्या तिसऱ्या मजल्यावर?

माझ्या हातातून वाटी पडली. अगदी खरंच पडली, स्टीलची होती म्हणून बरं. एक तर मी जिवंत, चांगली ठणठणीत. आणि वर पन्नास वर्षांच्या आयुष्याचं सार काय, तर साखर. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं घासले, दोन पोरं वाढवली, सासूबाईंचं सगळं केलं, त्याची एक ओळ नाही? काका शांतपणे म्हणाले, "ते शाळावाले लिहितील. आम्हाला काय कमी पडेल, ते मी लिहिलंय." घरी येऊन मी नवऱ्याला हे तणतणत सांगायला लागले आणि मधेच मला रडूच आलं. त्यात त्या ओळी एकदा ऐकून पाठ झालेल्या, अजून जात नाहीत.

काका पाणीखात्यातून रिटायर झालेले. उभी हयात या भागातल्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह उघडण्यात, बंद करण्यात आणि बदलण्यात गेली. कविता जोडीला. कोपरपासून कल्याणपर्यंत कुणाचं माणूस गेलं की नाक्यावर फोटोसकट बॅनर लागतो, बौद्ध घरांत जलदान विधीची पत्रिका निघते, आणि दोन्हीकडे खाली चार ओळी हव्या असतात. ओळखीपाळखीत त्या काकांच्याच. पण घाई त्यांना अजिबात सोसत नाही. त्यांचं म्हणणं, माणूस गेल्यावर तीन तासांत बॅनर लागतो, तीन तासांत कुणाचं आयुष्य चार ओळींत बसतं का? मग उपाय काय, तर माणूस हिंडता-फिरता असतानाच लिहून ठेवायचं. एक वही, एका पानावर एक माणूस. अख्खी बिल्डिंग त्यात होती. वॉचमन होता. चौथ्या मजल्यावरचं तान्हं बाळ तेवढं सोडलेलं, "त्याचं अजून काही ठरलं नाही" म्हणून.

माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून काकांना नाही नाही ते बोलल्या. जिवंत माणसाचं असलं लिहितात का, वास्तू तथास्तु म्हणत असते, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आजी, बाबासाहेबांनी आम्हाला या असल्या भीतीतून बाहेर काढलंय. आणि लिहिल्याने माणूस मेला असता, तर पाणीखात्यात माझे चार साहेब उरलेच नसते." सासूबाईंनी धाडकन दार लावून घेतलं.

काकांचं एक पालुपद आहे. लिफ्ट बंद पडली, मी कुरकुरत वर चढले की दारातून म्हणणार, "दुःख आहे. पुढे बोला." कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे गुडघे दुखले, तरी तेच. सुरुवातीला मला हा माणूस दगडच वाटायचा. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "बुद्धांनी चार सत्यं सांगितली. दुःख आहे, हे पहिलं. लोक पहिल्यावरच मुक्काम ठोकतात. पुढची तीन ऐकतच नाहीत. दुःखाला कारण आहे, ते थांबतं आणि थांबवायची वाट आहे. म्हणून म्हणतो, पुढे बोला."

आमचे चेअरमन म्हात्रे. मूळ गाववाले, आवाज खणखणीत, पार्किंगवरून रोज कुणाशी ना कुणाशी जुंपलेली. त्यांची साठी गच्चीवर झाली. केक, बिर्याणी, माइक. कुणीतरी काकांना चार शब्द बोलायला सांगितलं आणि काकांनी थेट वहीतलं सातवं पान काढलं. "कुणाला कधी ना दुखविले, हसून दिली सर्वां जागा," असं काहीतरी होतं, आणि शेवट "आता ती खुर्ची रिकामी". सत्तर माणसं गच्चीवर, चमचा वाजला नाही. म्हात्र्यांची म्हातारी आई तेवढी मोठ्याने रडायला लागली. मला वाटलं, आता हाणामारी होणार. म्हात्रे उठले, काकांच्या जवळ गेले, वही हातात घेतली आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. "काका, यो मीच काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

गंमत पुढे आहे. त्या दिवसापासून म्हात्र्यांनी पार्किंगवरून कुणाला शब्द बोललेला मी ऐकला नाही. मी काकांना म्हटलं, कवितेत तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. ते म्हणाले, "म्हणून तर आधी वाचून दाखवतो. मेल्यावर सुधारायला वाव नसतो."

या सगळ्यात सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, हसत बसलेल्या असायच्या. पण गेल्या वर्षी चालताना त्यांना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा एक व्हॉल्व्ह खराब आहे, बदलावा लागेल. मी सोबत होते. मी काकांकडे बघत राहिले, आता म्हणतील, दुःख आहे, पुढे बोला. म्हणालेच नाहीत. अख्ख्या जन्मात शेकडो व्हॉल्व्ह बदललेला माणूस, डॉक्टरांच्या टेबलावरचं ते प्लास्टिकचं हृदय हातात घेऊन नुसता बसून राहिला.

ऑपरेशनची तारीख ठरली तशी काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मी वही बघितली गं. वॉचमनवर आठ ओळी आहेत. माझ्या पानावर नुसतं नाव. सुमन, आणि खाली रेघ. सगळ्या बिल्डिंगला मारलं, मला नाही." मला हसावं की काय करावं कळेना. त्यांचे डोळे भरलेले. मेले तर मेले, पण माझ्यावर काय लिहिलं असतं ते ऐकून जायचंय, एवढी एकच त्यांची मागणी होती. काकांना त्यांनी ती दहादा सांगितली. काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "चाललंय, चाललंय." पण लिहिताना मी त्यांना एकदाही बघितलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. काकू पलंगावर टेकून बसलेल्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी नेतील. आज वाचा." मी काकांच्या मागे उभी राहून मोसंबी सोलत होते. मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस काय करणार.

काकांनी पिशवीतून निळी वही काढली. चष्मा कपाळावर ढकलला, पान उघडलं आणि वाचायला लागले. वर्तकनगरच्या कॉलनीत नळाला पाणी नाही म्हणून एक मुलगी बादली घेऊन पाणीखात्याच्या माणसाशी भांडायला आली, तिथून सुरुवात. "बादली भरली तरी उभी होती, पाणी आले तरी गेली नाही." मग तिच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी, पहिलं भाड्याचं घर, दगावलेलं एक मूल, ज्याबद्दल मी कधी ऐकलंच नव्हतं. थांबत थांबत, सावकाश. मी सहज खांद्यावरून वाकून बघितलं. पान कोरं होतं. वर सुमन, खाली रेघ. बस. आणि हा गृहस्थ वाचतोय. एवढंच काय, मधे बोटाला थुंकी लावून त्याने पानसुद्धा उलटलं. पुढच्या पानावर वॉचमन होता. काकू डोळे मिटून ऐकत होत्या, गालावरून पाणी ओघळत होतं. मोसंबी माझ्या हातात तशीच राहिली.

बाहेर पॅसेजमध्ये मी काकांना धरलंच. म्हटलं, एवढं सगळं तोंडपाठ आहे, मग लिहिलं का नाही? लिहिल्याने माणूस मरत नाही, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?

काका भिंतीला टेकले. "तू मरत नाहीस," म्हणाले. "म्हात्रे मरत नाही. हिचं मला माहीत नाही."

मी आत गेले आणि राहिलेली मोसंबी सोलून काकूंना दिली.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी येऊन आता तीन महिने झाले. जिना हळूहळू चढतात, चटणीही सुरू झालीय. रोज चार वाजता चहा झाला की काका त्यांना ते पान वाचून दाखवतात. आमच्या दारातून मला ऐकू येतं. कधी त्यात वर्तकनगर असतं, कधी नसतं. परवा एकदम खाडीकाठचं कुठलंसं भांडण आलं, काल लग्नातली पांढरी साडी. मला आपली धाकधूक, की काकूंच्या लक्षात आलं तर किती दुखावतील.

काल साखर परत द्यायला गेले, तेव्हा न राहवून मी काकूंना आडून विचारलं, कविता रोज जरा वेगळी वाटते, नाही? काकू चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "अगं, चष्म्याशिवाय ह्यांना पेपरातली मोठी अक्षरं दिसत नाहीत. हॉस्पिटलात चष्मा कपाळावरच होता की."

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

"म्हणून तर डोळे मिटून घेतले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, ह्यांना मोकळेपणी वाचता येईल."

बाहेरून काकांची हाक आली, सुमन, वाचू का? काकूंनी हात पदराला पुसले, बाहेर जाऊन खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. काकांनी वही उघडली. चष्मा कपाळावरच होता.